रिकामं काडतूस घरी भरावं का? एका जुन्या आर्मररचं उत्तर

पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातून एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. घरात आजोबांच्या वेळेपासूनची बाराबोअर दुनळी आहे, पीक संरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावर. रानडुकरं भुईमुगाचं वाटोळं करतात आणि काडतुसांचा भाव परवडत नाही. उडवलेली चाळीसेक रिकामी काडतुसं त्याने डब्यात जपून ठेवली आहेत. परदेशात लोक घरीच काडतुसं भरतात, हे त्याने मोबाईलवर पाहिलं. चुलत्यांकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक आहे आणि ते आयुष्यभर दारू स्वतःच भरत आलेत. मग काडतुसात भरली तर काय बिघडलं, आणि भरायचीच तर सुरक्षित कशी भरायची, असा त्याचा सवाल.

तू माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. पेन्शनीत आल्यापासून साताऱ्यात परवाना असलेल्या एका दुकानात दुरुस्तीला बसतो. पाऊस उघडला की जावळी, पाटण आणि खाली शिराळ्यापर्यंतच्या गावांतून बंदुका येतात. गंजलेल्या येतात, अडकलेल्या येतात, फुगलेल्या येतात. त्यातून जे शिकलो तेच सांगतो.

भरू नकोस.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा वेगळा. वडिलांच्या नावावर आहे तो बाळगायचा. बनवण्याचा परवाना कलम 5 खाली येतो, आणि तो नसताना बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्रसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच धरलेलं आहे. म्हणजे तो व्हिडिओतला दाबयंत्राचा संच कुणी कुरिअरने पाठवतो म्हणाला, तरी मागवू नकोस. कलम 5 मध्ये बंदुकीची दुरुस्तीही येते, म्हणून गावच्या लोहाराकडून घोड्याची स्प्रिंग बसवून घेतलीस तर तोही अडकतो आणि वडीलही.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. परवाना वडिलांच्या नावावर आणि रात्री माळावर बसून बार काढणारा तू, असं चाललं असेल तर आजच थांबव. वडिलांचं वय सत्तर झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे ती वारसाच्या नावावर करून घेता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा असतो. वेळ लागतो, पण होतं.

आता माझ्या कामाचं. चुलते ठासणीत भरतात म्हणून काडतुसातही भरता येईल, हा तुझा हिशोब वरून बरोबर वाटतो. चूक आहे ती इथे. ठासणीच्या बंदुकीत जाते ती काळी दारू. तिचा स्वभाव एका परीने सरळ असतो. मापाने भरली, बोळा ठासला, छर्रे टाकले, की थोडं इकडे-तिकडे झालं तरी धक्का कमी-जास्त बसतो, इतकंच. काडतुसात असते ती बिनधुराची दारू, नायट्रोसेल्युलोजची. ती उघड्यावर पेटवली तर कापरासारखी फर्रकन जळून जाते, आवाजसुद्धा होत नाही. पण कोंडलेल्या जागी दाब जितका वाढतो तितकी ती वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. ही साखळी कुठे थांबायची, हे कारखान्याने दाण्याच्या आकारावर, जाडीवर, वरच्या लेपावर ठरवलेलं असतं. एका जातीच्या दारूचा चमचा दुसऱ्या जातीला चालत नाही. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. घरातल्या कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो (हा बार म्हणजे दाब मोजायचं माप, बंदुकीचा बार नव्हे). 70 मिलिमीटरच्या साध्या बाराबोअर काडतुसाला युरोपातल्या प्रमाणात 740 बारची मर्यादा दिलेली आहे. सातशे कुकर एका नळीत, आणि तेही सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. त्या नळीला तुझा गाल टेकलेला असतो आणि डावा हात तिच्याखाली असतो.

परदेशात घरी भरणारे लोक खुळे नाहीत. पण ते काय करतात ते नीट बघ. दारू बनवणारी कंपनी प्रयोगशाळेत दाब मोजून आकडे छापते, आणि ते त्या आकड्यांबाहेर जात नाहीत. अमुक कंपनीचं खोकं (काडतुसाचं कवच), अमुक टोपी (बुडाशी असते ती, ठोका बसला की पेटणारी), अमुक बोळा (दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला), अमुक दारू आणि इतक्याच वजनाचे छर्रे, अशी पाच जणांची जोडी ठरलेली असते. पाचातलं एक बदललं की सगळा हिशोब नव्याने. नुसती टोपी जरा जोरकस आली तरी दाब चढतो. बोळा जाड निघाला तरी चढतो. तोंड जास्त घट्ट दुमडलं तरी चढतो. दारू ते ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅमही भरत नाही. आपल्याकडे सोनाराचा काटा आणशील एक वेळ, पण छापील आकडे कुठून आणणार? तुझ्या डब्यात चाळीस खोकी आहेत म्हणतोस, ती तरी एका कंपनीची, एका सालाची आहेत का? प्लॅस्टिकचं खोकं आतून कुठे सरळ असतं, कुठे निमुळतं. वरून रंग सारखा असला तरी आतली जागा वेगळी असते.

आणि माणसाला वाटतं, भीतीने थोडी कमीच भरू, म्हणजे धोका नाही. उलट आहे. कमी भरलेला बार फुसका निघतो. फट्‌ असा आवाज येतो, बोळा नळीच्या मध्येच अडकतो, आणि अंधारात डुक्कर समोर असताना गडी दुसरं काडतूस घालून चाप ओढतो. नळी तिथेच फाटते.

मी अशी एक दुनळी पाहिली आहे. नाव-गाव सांगत नाही. दिवाळीच्या फटाक्यांची दारू काढून काडतुसात भरली होती. फटाक्यातल्या दारूत ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती बंदुकीसाठी नसतेच. ती ढकलत नाही, फोडते. डावी नळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, पुढे केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. माणूस वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती नळी त्याने माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "वेल्डिंग होईल का?" माणसाला बोटांपेक्षा बंदुकीची काळजी जास्त असते, हे मी त्या दिवशी शिकलो. टोपीत काय भरायचं याचेही व्हिडिओ फिरतात म्हणे. त्यावर इथे एक अक्षर लिहिणार नाही.

कुणाकडे .315 ची रायफल असेल आणि तो म्हणत असेल की पितळी खोकं परत वापरता येतं, तर त्यालाही हेच सांग. प्रत्येक बाराला पितळ थोडं ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर आतल्या बाजूने पातळ होत जातं. बाहेरून फक्त एक चकाकती रेघ दिसते. परदेशातले लोक तार वाकवून आतून ती खाच चाचपतात आणि शंका आली की खोकं टाकून देतात. ज्याला ही रेघ ओळखता येत नाही त्याच्या तोंडावर गरम वायू आणि पितळाचा तुकडा येतो.

आता खरं दुखणं बघू. तू म्हणतोस काडतूस महाग आहे. महाग आहेच. पण तुझ्याकडच्या खोऱ्यात काडतुसं उडवून जितकी संपतात, जवळपास तितकीच पावसाने सडून वाया जातात, असा माझा दुकानातला अनुभव आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोयनेच्या अंगाला भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी येते, आणि काडतुसं मात्र खुंटीवरच्या चामडी पट्ट्यात लटकलेली असतात! चामडं कमावताना वापरलेला अर्क ओल धरतो आणि पितळ खातो. हिरवट थर आला की ते काडतूस चेंबरमध्ये अर्धवट जातं, नाहीतर उडाल्यावर बाहेर येत नाही. पट्टा मिरवायला ठीक आहे. काडतुसं त्यात राहायला ठेवू नकोस.

चुलीवरचा माळा ही दुसरी आवडती जागा. कोरडी असते म्हणून तिथे ठेवतात. पण उष्णता ही बिनधुराच्या दारूची वैरीण आहे. ती दारू वर्षानुवर्षं आपसूक थोडी थोडी कुजत असते. कारखाना तिला थोपवायला एक द्रव्य मिसळतो. गरम जागी ते लवकर संपतं आणि मग दारू आंबते. एखाद्या जुन्या पेटीला आंबूस, नाक चुरचुरणारा वास आला तर त्यातलं एकही काडतूस उडवू नकोस. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये दिवसभर उन्हात ठेवलेलं काडतूसही नेहमीपेक्षा जोरात जातं, कारण तापलेली दारू जास्त दाब देते.

मग ठेवायची कुठे? रबरी पट्टी असलेला घट्ट झाकणाचा डबा घे. फौजी जुने डबे बाजारात मिळतात, नाहीतर चांगला पत्र्याचा चालेल. त्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाक आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा त्या तव्यावर गरम करून परत ठेव, काडतुसांपासून लांब. डबा जमिनीला टेकवू नको, बाहेरच्या भिंतीला लावू नको. कपाटात, कुलपात, आणि बंदूक दुसऱ्या कुलपात. पेटीवर घेतल्याची तारीख मार्करने लिही आणि जुनी आधी वापर. आपल्याकडे उलट होतं. नवी पेटी आली की आधी ती फुटते आणि आजोबांच्या वेळची कागदी खोक्याची काडतुसं तशीच पडून राहतात. कागदी खोकं ओल पिऊन फुगतं. फुगलेलं काडतूस अंगठ्याने दाबून बसवायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. आणि काडतुसाला तेल, डिझेल, फवाऱ्याचं गंजविरोधी द्रव, काही म्हणजे काही लावू नको. ते टोपीच्या कडेने झिरपतं आणि बार मरतो. कोरड्या फडक्याने पुसायचं, बस्स.

खराब निघालेली विहिरीत टाकायची नाहीत, चुलीत तर नाहीच. परवाना घेऊन दुकानात ये किंवा पोलीस ठाण्यात लेखी देऊन जमा कर. नोंद राहते.

दुसरी उधळपट्टी म्हणजे चुकीचं काडतूस. तुमच्या आजोबांची बंदूक जुनी इंग्लंडची असेल तर तिचं चेंबर बहुतेक 65 मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची असणार. बाजारात 70 चं काडतूस सर्रास मिळतं, आणि गंमत अशी की ते त्या आखूड चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना ते 65 पेक्षा आखूडच असतं. पेटीवरची लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची असते. आत गेलं, बसलं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बार उडताना तोंड उघडायला पुढे जागा नसते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान असो वा बाहेरची, पेटीवर लांबी बघ, मग घे. एकदा दोन-चारशे रुपयांच्या नादात चुकीची पेटी नेणारे बरेच येतात माझ्याकडे.

नळीवरचे तपासणीचे छाप कुणाकडून तरी वाचून घे. नळीवर लोकरीच्या विणीसारखी किंवा साप गुंडाळल्यासारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. दिसायला सुंदर. पण त्यातल्या बऱ्याच नळ्या काळ्या दारूवर तपासलेल्या असतात. बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा छाप नसेल तर आजच्या काडतुसाने ती चालवू नये. भिंतीवर शोभते तिथेच शोभू दे. शंभर वर्षांचा गंज जोडांच्या आत असतो, बाहेरून चकाचक दिसत असली तरी.

वीस बोअरचं काडतूस घरात असेल तर ते बाराबोअरच्या पट्ट्यात कधीच मिसळू देऊ नको. ते बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. मग त्यावर बाराचं घातलं जातं. वीसची खोकी पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत यासाठीच पडली. पिवळं दिसलं की हात थांबला पाहिजे.

नळीतल्या अडथळ्याचं तर विचारूच नको. निवडणुका आल्या की बंदुका ठाण्यात जमा होतात, दोन-दोन महिने तिथे उभ्या राहतात. परत आणली की लगेच माळावर नेऊ नको. कुंभारीण माशीला बंदुकीची नळी फार आवडते. आत मातीचं घर करते, आणि ती माती वाळली की दगडासारखी होते. मागच्याच्या मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या बाबांच्या नळीतून अशी तीन घरटी काढली मी. बाबा म्हणाले, "म्हणूनच नेम बसत न्हवता व्हय." मी म्हटलं, बाबा, नशीब ही घरटी आत असताना बार काढला नाही. प्रत्येक वेळी बंदूक मोडून, काडतूस नसताना, नळीतून आभाळ बघायचं. गोल आणि स्वच्छ दिसलं तरच पुढे. भाताच्या खाचरात बंदूक टेकून बसला असशील तर उठताना परत बघायचं. चिखलाचा एक गोळा पुरतो.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर काय? बंदूक लगेच उघडायची नाही. नळी मोकळ्या जागेकडे ठेवून मनातल्या मनात साठपर्यंत मोजायचं. ओलसर टोपी कधी कधी उशिरा पेटते. मग उघडून ते काडतूस बाजूला काढायचं, दुसऱ्या नळीत घालून परत बघायचं नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा पडेल आला तर तिथेच काम बंद. बॅटरीने नळी बघितल्याशिवाय दुसरं घालायचं नाही, डुक्कर समोर नाचत असलं तरी.

छर्ऱ्याचंही सांगतो. पोरं म्हणतात एसजीच, म्हणजे मोठ्या छर्ऱ्याचंच दे, जोरात जातं. सहा नंबरचा छर्रा दोनेकशे मीटरवर पडतो. एसजीचा अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. तुमच्याकडे उतारावर वस्त्या आहेत आणि रात्री खालच्या वावरात दुसरं कुणी तरी राखणीला बसलेलं असतं. मागे डोंगराची भिंत नसेल तर बार काढायचाच नाही. पिकातून जनावर हुसकायचं असेल तर पत्र्याचा डबा, बॅटरी, कुत्री, सौर कुंपण, हे सगळं आधी. रानडुकराला मारायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 आडवा येतो. वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गव्याकडे तर नळी फिरवूसुद्धा नको. कोयना अभयारण्य आणि खाली चांदोली, दोन्ही मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय बंदूक घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, बार काढ किंवा नको काढू. पिकाचं नुकसान झालं की पंचनाम्यासाठी वनरक्षकाला लगेच कळव. उशीर केला की भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही.

राहता राहिले चुलते. त्यांची ठासणी चालू दे, परवाना असेल तर आणि दारू परवानाधारकाकडून घेत असतील तर. त्यांना एवढंच विचार, दारू ठासायच्या गजावर खुणा केल्यात का? नळी रिकामी असताना गज आत टाकून तोंडाशी एक खूण, आणि नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. दोन खुणा असल्या की भरलेल्या नळीत दुसऱ्यांदा भरणं टळतं. ठासणीतले निम्मे अपघात गप्पांच्या नादात डबल भरल्याने होतात, असं मला माझ्यापुरतं वाटतं. उडाल्या उडाल्या लगेच पुन्हा दारू ओतायची नाही, आत निखारा असतो. दारूची बाटली थेट नळीला लावायची नाही, आधी मापात काढायची. आणि काडतूस फोडून निघालेली बिनधुराची दारू ठासणीत कधीच घालायची नाही, चिमूटभरसुद्धा. ही चूक करणारे बहुतेक अनुभवी असतात. नवखा घाबरून विचारतो तरी.

तुझी चाळीस रिकामी खोकी टाकून देऊ नको. मोजून ठेव. नवी काडतुसं घेताना वापरलेल्यांचा हिशोब विचारला जाऊ शकतो, आणि परवान्यावर वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतंच. दिवाळीनंतर बंदूक दाखवायला आण. चेंबर मोजतो, छाप वाचतो, घोड्याची स्प्रिंग बघतो. येण्याआधी तेल पाजून चकाचक करू नको, आहे तशी आण, म्हणजे गंज कुठून सुरू झालाय ते कळतं. आणि एकटा एसटीत घालून आणू नको. वडिलांना बरोबर घे, परवान्याचं पुस्तक त्यांच्याच खिशात पाहिजे.